लोखंडावरचा आकडा

२०२५ साली महाराष्ट्रातल्या लाखो वाहनधारकांना आपल्या गाडीचा चेसिस नंबर बहुधा पहिल्यांदाच नीट वाचावा लागला. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणं सक्तीचं झालं होतं. दुचाकीसाठी या पाटीचा दर करांशिवाय ४५० रुपये होता. ऑनलाइन अर्जात नोंदणी क्रमांकाच्या जोडीला चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे अंक भरायचे, आणि ते परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीतल्या नोंदीशी जुळले तरच अर्ज पुढे सरकायचा. नव्या गाड्यांचं काम स्मार्ट कार्ड पाहून भागलं. जुन्या मोटारसायकलींचं तसं नव्हतं. आरसी बुकाची पानं विरलेली, शाई फुटलेली, एखादा अंक एक आहे की सात ते कळत नाही. अशा वेळी एकच उपाय उरतो. गाडी उजेडात ओढायची, हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं, तेलकट चिंधीनं फ्रेमची मान पुसायची आणि लोखंडावर काय ठोकलंय ते वाचायचं.

जुन्या गाड्यांचे शौकीन हेच काम वर्षानुवर्षं करत आलेत. त्यांच्या बोलीत त्याला ‘नंबर मिळवणं’ म्हणतात. इंजिनावरचा नंबर, चेसिसवरचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर हे तिघं एकाच गाडीचे आहेत का, हे तपासायचं. काम दहा मिनिटांचं दिसतं. पण त्यात धातू आहे, कारखान्यांचा इतिहास आहे, कायदा आहे, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरसारख्या ठिकाणी तर राज्यांच्या बदललेल्या सीमाही आहेत. हा लेख लिहिण्याचं कारण असं की या कामाबद्दल एक चुकीची समजूत घट्ट बसली आहे: नंबर जुळले की गाडी अस्सल, नाही जुळले की लबाडी. प्रत्यक्षात नंबर जुळलेली गाडी खोटी असू शकते आणि न जुळलेली गाडी शंभर टक्के खरी असू शकते.

गडचांदूरच का?

चंद्रपूरहून राजुऱ्याला जाणारा रस्ता पुढे गडचांदूर, कोरपना करत आदिलाबादकडे जातो. एका बाजूला माणिकगडचे डोंगर आणि अमलनाला धरण, दुसऱ्या बाजूला चुनखडीच्या खाणी. या चुनखडीमुळेच १९८० च्या दशकात गडचांदूर आणि आवारपूरच्या परिसरात मोठे सिमेंट कारखाने उभे राहिले. जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी आणि भद्रावतीचा आयुध कारखाना होताच. अशा ठिकाणी देशभरातून माणसं नोकरीला येतात, बदलून जातात, निवृत्त होतात आणि त्यांच्या गाड्या त्यांच्याबरोबर येतात किंवा इथेच मागे राहतात. त्यामुळे या पट्ट्यातल्या जुन्या मोटारसायकलीचं पासिंग चंद्रपूरचंच असेल असं गृहीत धरता येत नाही.

दुसरं कारण जास्त जुनं आहे. वर्धा नदीच्या अलीकडचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता, आणि नदीपलीकडचा राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात. आजचा कोरपना तालुका या जुन्या राजुरा तालुक्यातूनच निघाला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात आला आणि नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. १९५९ साली तो चांदा जिल्ह्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला याच जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला. पलीकडच्या बाजूला आदिलाबाद आंध्र प्रदेशातून २ जून २०१४ ला तेलंगणात गेला.

आता या परिसरात फिरलेल्या एखाद्या जुन्या गाडीचा विचार करा. माणसाचं गाव तेच राहिलं, गोठ्याशेजारची गाडीची जागाही तीच राहिली, पण कागदावर जिल्हा बदलला, राज्य बदललं, शिक्का बदलला. अशा गाडीच्या कागदांत विसंगती दिसली की शहरी खरेदीदार बिचकतो. वास्तविक ती विसंगती त्या भूभागाच्या इतिहासाची असते. इथे सगळं उलगडायला एकच दोरा हाताशी असतो, तो म्हणजे चेसिस नंबर. नोंदणी क्रमांक राज्यागणिक बदलतो, मालक बदलतो, रंग बदलतो. फ्रेमच्या मानेवर कारखान्यानं ठोकलेला आकडा मात्र बदलत नाही, किंवा बदलायला नको.

कारखान्याच्या रीती

फ्रेमवरचा नंबर बहुतेक जुन्या मोटारसायकलींवर हँडलखालच्या नळीवर, म्हणजे स्टीअरिंग हेडवर असतो. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर, सहसा सिलिंडरच्या पायथ्याशी. दोन्ही ठिकाणचा धातू वेगळा आहे हे पहिल्यांदा ध्यानात घ्यायला हवं. फ्रेम पोलादाची, क्रँककेस ॲल्युमिनियमचा. तोच पंच, तोच हातोडा वापरला तरी मऊ ॲल्युमिनियमवर ठसा खोल आणि फुगीर कडांचा उमटतो, पोलादावर उथळ आणि रेखीव. दोन्हीकडचे आकडे हुबेहूब सारखे दिसत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही.

त्यानंतर प्रश्न येतो तो त्या कारखान्याच्या रीतीचा. आपल्याकडच्या जुन्या बुलेट, येझ्दी आणि यामाहा आरएक्स १०० या गाड्यांवर इंजिन आणि चेसिसला एकच नंबर सापडणं ही नेहमीची गोष्ट. त्यामुळे इथल्या लोकांना वाटतं की सगळ्या जगात असंच असतं. तसं नाही.

इंग्लंडच्या बीएसए कारखान्यात इंजिनं एका खात्यात बनत, फ्रेम दुसऱ्या खात्यात. दोघांची मालिका वेगळी आणि भेट फक्त जोडणीच्या वेळी. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बीएसएच्या गाडीवर दोन वेगळे नंबर असणं हेच बरोबर. एजेएस आणि मॅचलेसचंही तसंच. युद्धकाळात बीएसएनं एम २० या मॉडेलच्या सव्वा लाखांहून जास्त गाड्या सैन्यासाठी बनवल्या. त्यातल्या कित्येक भारतात आल्या आणि युद्ध संपल्यावर लिलावात निघाल्या. अशा एम २० वर कुणी इंजिन-चेसिसचा नंबर अगदी एकसारखा दाखवला तर आनंद मानण्याऐवजी सावध व्हायला हवं. युद्धानंतरच्या नॉर्टनवर मात्र दोन्ही ठिकाणी एकच नंबर असायला हवा.

व्हिन्सेंट या नामांकित ब्रिटिश गाडीची रीत तर आणखी निराळी. तिच्या इंजिन नंबरमध्ये १९०० मिळवले की वरच्या फ्रेमचा नंबर येतो. म्हणजे इंजिनावर ५६४१ असेल तर फ्रेमवर ७५४१ हवं. दोन्हीकडे ५६४१ दिसलं तर कुणीतरी अर्धवट माहितीवर पंच मारला आहे. मागच्या फ्रेमवर तोच वरच्या फ्रेमचा आकडा पुन्हा येतो. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनवर १९७० पूर्वी कायदेशीर ओळख इंजिनावरच्या नंबरानं चालायची. त्या काळच्या हार्लेच्या फ्रेमवर असा नंबर शोधत बसणं म्हणजे नसलेली वस्तू शोधणं.

आपल्या बुलेटचा प्रवासही नीट माहीत हवा. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची रॉयल एनफील्ड यांनी मिळून एनफील्ड इंडिया उभी केली. सुरुवातीला विलायतेहून आलेले सुटे भाग मद्रासला जोडले जात. १९५७ मध्ये यंत्रसामग्री आणि साचे भारतात आले आणि १९६२ पर्यंत सगळे भाग इथे बनू लागले. म्हणून १९५० च्या दशकातल्या बुलेटवर इंग्लंडचे भाग आणि मद्रासची जोडणी एकत्र सापडते, आणि तेच तिचं खरेपण. जावाची गोष्ट वेगळी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून गाड्या निघू लागल्या, पुढे त्या येझ्दी झाल्या आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ पोलंडच्या एसएचएल गाडीवरून आली. प्रत्येकीचा कारखाना वेगळा, काळ वेगळा, पंच वेगळा. तपासणाऱ्यानं नंबराला हात घालण्याआधी त्या मॉडेलची आणि त्या सालाची रीत माहीत करून घ्यायला हवी. ती माहीत नसताना केलेली तपासणी फसवते.

वाचायची पद्धत

गडचांदूरच्या बाजूला जुन्या गाडीवर जो थर बसतो तो नुसत्या धुळीचा नसतो. सिमेंटची बारीक भुकटी, इंजिनातून झिरपलेलं तेल आणि पावसाळ्याची ओल मिळून दगडासारखी पापुद्री बनते. ती काढायला ग्राइंडर किंवा वायर-ब्रशची मशीन लावणं ही सर्वांत मोठी चूक. त्या एका हातात नंबराच्या कडा घासल्या जातात आणि पुढे आरटीओच्या निरीक्षकाला खऱ्या गाडीवरही संशय येतो. रॉकेल किंवा डिझेलमध्ये चिंधी भिजवून थरावर रात्रभर ठेवायची, मग बांबूच्या किंवा प्लॅस्टिकच्या चपट्या काडीनं तो सुटा करायचा आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं साफ करायचा. रंगाचे थर असतील तर रंग उतरवायचं द्रव्य वापरायचं. धातूला धातू लावायचा नाही.

नंबर उघडा पडला की उजेड समोरून टाकायचा नाही. बॅटरी एका बाजूनं, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरायची. आडव्या उजेडात ठशाच्या खोलीची सावली पडते आणि मिटलेला अंकही ओळखू येतो. मग पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घासायची. नोंदणी आणि हस्तांतरणाच्या अर्जांवर चेसिस नंबरची जी पेन्सिल-छाप मागतात ती हीच. अनेकांना ती आरटीओची कटकट वाटते. खरं तर कागदी पुराव्यांत याच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. हातानं लिहिताना तीनचा आठ होऊ शकतो, छापेत होत नाही. जुनी छाप हाताशी असेल तर नव्या छापेशी ती ताडून पाहता येते: अंकांमधलं अंतर, एखादा अंक किंचित वर किंवा तिरका, सातची शेपटी. हातानं एकेक पंच ठोकलेल्या नंबराची ओळ सरळ नसते आणि तो वाकडेपणा त्या एका गाडीपुरताच असतो.

नंबर वाचून झाला की त्याच्या आजूबाजूचा धातू वाचायचा. क्रँककेस ओतीव असतो, त्याच्या पृष्ठभागाला विशिष्ट खरखरीतपणा असतो. नंबराच्या भोवतीची जागाच तेवढी गुळगुळीत असेल, बाजूपेक्षा किंचित खोल गेली असेल, तिथे घासल्याच्या बारीक समांतर रेषा असतील तर जुना नंबर पुसून नवा मारला असण्याची शक्यता मोठी. ट्रायम्फ कारखान्यानं १९६९ पासून यावर छान उपाय केला. नंबराच्या जागेवर आधी आपल्या बोधचिन्हाची बारीक नक्षी ठोकायची आणि तिच्यावर नंबर. नंबर घासला की नक्षीही जाते आणि चोरी उघडी पडते.

फ्रेमच्या मानेवर चुंबक फिरवून पाहावा. मध्येच पकड ढिली झाली तर तिथे लांबी भरली आहे. वेल्डिंगची कड मानेच्या भोवती फिरलेली दिसली तर दुसऱ्या फ्रेमचा नंबर असलेला तुकडा कापून इथे जोडला आहे का, हे तपासायला हवं. इंजिन खोललं असेल तर क्रँककेसच्या दोन भागांवर आतून जोडणीचे नंबर असतात का, ते पाहावं. काही कारखाने दोन्ही अर्धे एकत्र घोटून तयार करत आणि त्यांची जोडी चुकू नये म्हणून दोघांवर एकच खूण ठोकत. बाहेरचा नंबर बदलणारा माणूस ही आतली खूण सहसा विसरतो. लुकासच्या मॅग्नेटो आणि डायनामोवरही महिना आणि साल ठोकलेलं असतं. १९५१ ची म्हणून विकली जाणारी गाडी आणि तिच्यावरची सगळी विजेची उपकरणं १९५८ ची, असं निघालं तर पुढचे प्रश्न विचारायला हवेत.

आणखी एक साधी कसोटी. आज गाड्यांवर दिसणारा १७ अंकाक्षरांचा ओळख क्रमांक आंतरराष्ट्रीय पद्धतीचा आहे. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं येत नाहीत, कारण त्यांची एक आणि शून्याशी गल्लत होते. त्याची पहिली तीन अक्षरं निर्माता सांगतात. रॉयल एनफील्डची ‘एमई३’, बजाजची ‘एमडी२’. १९७२ ची म्हणून दाखवलेल्या बुलेटच्या फ्रेमवर ‘एमई३’नं सुरू होणारा लांबलचक नंबर असेल तर फ्रेम नवी आहे, मग आरसी बुक कितीही जुनं असो. जुन्या कागदावर नवी गाडी चढवण्याचा हा प्रकार दुर्मीळ नाही.

पुसलेला नंबर पुसला जात नाही

पंच धातूवर आदळतो तेव्हा दिसतो तेवढाच खड्डा पडत नाही. खड्ड्याच्या तळाखालचे धातूचे कणही दाबले जातात, त्यांची रचना ताणली जाते. वरचा नंबर घासून सपाट केला तरी हा ताणलेला पट्टा काही खोलीपर्यंत शिल्लक राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा याच गोष्टीचा उपयोग करतात. पोलादावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि क्युप्रिक क्लोराइड यांचं फ्रायचं द्रावण लावलं की ताणलेला धातू आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगानं झिजतो आणि पुसलेला आकडा हळूहळू वर येतो. ॲल्युमिनियमसाठी वेगळी रसायनं वापरतात. नंबर फार खोलवर घासला असेल तर तो पट्टाच निघून जातो, त्यावर वेल्डिंग झालं असेल तर उष्णतेनं तो ताण नाहीसा होतो, आणि मग हा उपाय चालत नाही.

विदर्भासाठी नागपूरला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. पोलिसांमार्फत आलेल्या प्रकरणांत अशी तपासणी तिथे होते. हे घरी करून पाहायचं काम नाही. आम्लानं फ्रेम खराब होते आणि पुरावा नष्ट केल्याचा ठपका आपल्यावर येतो. नंबर संशयास्पद वाटला तर हात न लावता पोलिसांकडे जाणं शहाणपणाचं. चोरीची वस्तू चोरीची आहे हे जाणून, किंवा तसं मानायला पुरेसं कारण असताना जवळ ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. जुन्या गाडीच्या हौसेत कुणी त्या वाटेला जाऊ नये. खरेदीआधी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेवर इंजिन आणि चेसिस नंबर टाकून गाडी चोरीच्या यादीत आहे का, हे कुणालाही पाहता येतं.

कागदाची चौकशी

शेताला सातबारा तसं गाडीला आरसी बुक. आणि सातबाऱ्याइतकंच तेही सावधपणे वाचायला लागतं. जुन्या आरसी पुस्तिकेचं पहिलं पान सगळे पाहतात. खरी माहिती मागच्या पानांवर असते: मालकबदलाच्या नोंदी, पत्ताबदल, आणि गाडीत केलेल्या फेरफारांच्या नोंदी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मंजुरीनं केलेला बदल, इंजिन बदलणं धरून, १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून पुस्तिकेत चढवायचा असतो. मागच्या पानावर अशी नोंद, तारीख आणि शिक्का असेल तर वेगळ्या नंबराचं इंजिन हा दोष राहत नाही. तो गाडीच्या इतिहासाचा नोंदलेला भाग होतो. गंजानं वाचता न येणारा चेसिस नंबर आरटीओच्या परवानगीनं पुन्हा पंच केला असेल तर त्याचीही नोंद असायला हवी.

राज्य ओलांडलेल्या गाडीला आणखी एक कागद लागतो, तो म्हणजे नमुना २८ मधलं ना-हरकत प्रमाणपत्र. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. समजा, १९६८ साली आदिलाबादला नोंदलेली एक बुलेट दहा वर्षांनी कोरपन्याकडच्या शेतकऱ्यानं घेतली. तिच्यावर आधी आंध्र प्रदेशचा क्रमांक, मग महाराष्ट्राचा जुन्या पद्धतीचा क्रमांक. १९८९ नंतर आलेल्या एमएच-३४ मालिकेतला क्रमांक तिच्यावर असायचं कारण नाही, तरी ती गाडी चंद्रपूरचीच. तिचे सगळे कागद मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तरी चेसिस नंबर घेऊन दोन्ही बाजूंच्या कार्यालयांतली नोंद शोधता येते. १९८२ पूर्वी अहेरी किंवा सिरोंच्याच्या माणसानं नोंदलेल्या गाडीचा शोधही असाच चंद्रपूरला घ्यावा लागतो, कारण तेव्हा गडचिरोली जिल्हाच नव्हता.

अडचण अशी की जुन्या हस्तलिखित नोंदवह्यांतली प्रत्येक गाडी संगणकावर चढलेली नाही. ‘वाहन’ प्रणालीत गाडी दिसली नाही म्हणून ती बेकायदा ठरत नाही. मूळ आरसी पुस्तिका दाखवून ती नोंद चढवून घेता येते, पण त्यासाठी अधिकाऱ्याला लोखंडावरचा आकडा आणि पुस्तिकेतला आकडा एकमेकांशी बसताना दिसावा लागतो. इथे एकच अंक चुकीचा उतरला असेल तर मालकाला महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात. इंग्लंडमध्ये व्हिंटेज मोटरसायकल क्लब ही १९४६ साली स्थापन झालेली संस्था अनेक बंद पडलेल्या कारखान्यांच्या पाठवणीच्या वह्या जपते. कोणत्या नंबराची गाडी कोणत्या दिवशी कारखान्यातून निघाली, कोणत्या विक्रेत्याकडे गेली, हे त्यात सापडतं. कारखाना जाऊन पन्नास वर्षं झाली तरी त्याची वही साक्ष द्यायला हजर आहे.

न जुळणारी खरी गाडी

आता त्या समजुतीकडे, जिच्यामुळे चांगल्या गाड्या भंगारात जातात. विदर्भाच्या ग्रामीण भागात मोटारसायकल ही कामाची वस्तू होती. दुधाच्या किटल्या, खताची पोती, कापसाचे गठ्ठे, तिघंचौघं माणसं, सगळं तिच्यावर. अशा गाडीचा कनेक्टिंग रॉड तुटला आणि त्यानं क्रँककेस फोडला तर मालक कारखान्याला पत्र लिहीत बसत नव्हता. मिस्त्री दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून द्यायचा आणि पेरणीच्या हंगामात गाडी चालू राहायची. कारखान्याकडून सुटा मिळणारा क्रँककेस बहुधा कोरा असायचा आणि त्यावर जुनाच नंबर पुन्हा ठोकला जायचा. म्हणजे नव्यानं मारलेला पंचही प्रत्येक वेळी लबाडीचा नसतो.

डिझेलचा अध्याय तर स्वतंत्र आहे. पेट्रोल महाग झालं तसं गावोगावच्या कारागिरांनी बुलेटच्या फ्रेममध्ये छोटी डिझेल इंजिनं बसवली. पुढे कंपनीनंही टॉरस नावाची डिझेल बुलेट काढली, तिच्यात ३२५ सीसीचं ग्रीव्ह्ज-लोम्बार्डिनी इंजिन होतं. आज जेव्हा एखादी बुलेट पुन्हा पेट्रोल इंजिनावर आणली जाते तेव्हा तिचं मूळ इंजिन कुठेतरी केव्हाच वितळलेलं असतं. सैन्याच्या लिलावातून आलेल्या गाड्यांचंही तसंच. लष्करी दुरुस्ती केंद्रांत इंजिनं उतरवून एकगठ्ठा दुरुस्त होत आणि तयार झालेलं इंजिन पुढच्या गाडीत बसे. कुठलं इंजिन कुठल्या फ्रेमचं, याची फिकीर लढणाऱ्या सैन्याला नव्हती. अशा गाडीवर वेगवेगळे नंबर असणं हेच तिच्या सेवेचं प्रमाणपत्र.

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं, फिवानं, २०१२ साली ट्युरिन सनद स्वीकारली. तिचा गाभा असा की गाडीच्या आयुष्यात झालेले बदल हेही तिच्या इतिहासाचा भाग आहेत आणि ते जपून, नोंदवून ठेवायला हवेत. हा विचार आपल्याकडे अजून पुरेसा रुजलेला नाही. आपल्याकडे ‘नंबर मिळते का भाऊ?’ हा पहिला सवाल, आणि ‘नाही’ म्हटलं की किंमत निम्म्यावर. या दडपणातूनच खोटे पंच मारले जातात. बाजार प्रामाणिक विसंगतीला शिक्षा करतो आणि बनावट जुळणीला बक्षीस देतो, तोवर खरा इतिहास घासून टाकणारे हात थांबणार नाहीत.

पन्नाशीचा कायदा

१५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, व्यापारी वापराची नसलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र ही गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी.

या नियमातली सर्वांत महत्त्वाची अट अशी: गाडी मूळ रूपात असायला हवी आणि तिच्या चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अर्ज २०२५ साली केला तर १९७५ पर्यंतच्या गाड्या या व्याख्येत येतात. म्हणजे व्हिंटेज हा शब्द आता संस्थानिकांच्या वाड्यांपुरता उरलेला नाही. जावा, पहिल्या वर्षांतल्या येझ्दी, राजदूत, मद्रासी बुलेट, अशा मास्तरांच्या, कंपाउंडरांच्या, तलाठ्यांच्या, ठेकेदारांच्या गाड्या तिथे पोहोचल्या आहेत. गडचांदूर किंवा कोरपन्याच्या घरामागच्या पडवीत उभी असलेली गाडीही आता कायद्याच्या लेखी वारसा ठरू शकते.

पण अट इंजिन आणि चेसिसच्या मूळपणाची आहे, आणि आपल्या कष्टकरी गाड्यांचं आयुष्य इंजिन बदलण्यात गेलं आहे. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, त्याच काळातलं आणि पुस्तिकेत नोंदलेलं इंजिन असेल तर त्या गाडीला वारशाचा मान मिळायला हवा. गावात चाललेल्या गाड्यांना हा मान नाकारला तर वारशाच्या यादीत फक्त न वापरलेल्या, श्रीमंतांच्या घरच्या गाड्या उरतील आणि या प्रदेशाचा खरा रस्ता त्यातून गायब होईल.

करायचं काय

ज्याच्या घरी जुनी गाडी आहे त्यानं यंदाच्या दिवाळीत एक काम करावं. दोन्ही नंबर स्वच्छ करून त्यांची पेन्सिल-छाप घ्यावी, आडव्या उजेडात फोटो काढावा, छापेवर तारीख घालून ती आरसी पुस्तिकेबरोबर ठेवावी. गाडी कुणाकडून घेतली, इंजिन कधी बदललं, कुठल्या गावच्या मिस्त्रीनं बांधलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावं. ते गेल्यावर हे सांगणारं कुणी राहत नाही. गाडी रंगवायला देताना नंबराच्या जागेवर टेप लावून द्यावी, कारण पावडर कोटिंगचा जाड थर नंबर बुजवून टाकतो आणि सँड ब्लास्टिंग त्याच्या कडा खातं.

विकणाऱ्यानं विक्रीच्या कागदावर स्पष्ट लिहावं: चेसिस मूळ, इंजिन नंतरचं, नोंद अमुक पानावर. एवढं लिहिलं की खरेदीदाराचा संशय संपतो आणि किंमतही योग्य ठरते. घेणाऱ्यानं असा कागद देणाऱ्या माणसाला घासाघीस करून शिक्षा देऊ नये. मिस्त्री मंडळींनी कुणी कितीही पैसे देऊ केले तरी दुसऱ्या गाडीचा नंबर मारून द्यायला नकार द्यावा. त्यांच्या हातातला पंच कायद्यानं जेवढा धोक्याचा आहे, त्याहून तो या गाड्यांच्या इतिहासाला धोक्याचा आहे.

आणि परिवहन खात्याकडे एक मागणी. चंद्रपूर, नांदेड आणि पलीकडे आदिलाबादच्या कार्यालयांत जुन्या नोंदवह्या जिथे शिल्लक असतील तिथे त्यांची छायाचित्रं काढून ती चेसिस नंबरानुसार शोधता येतील अशी खुली करावीत. मालकांची नावं आणि पत्ते झाकून ठेवता येतात. नंबर, मॉडेल, नोंदणीची तारीख आणि फेरफाराच्या नोंदी एवढं पुरेसं आहे. राजुरा-कोरपना पट्ट्यानं एका आयुष्यात जेवढे जिल्हे आणि राज्यं बदलली तेवढी फार थोड्या भागांनी बदलली असतील. तिथल्या माणसांच्या जमिनीच्या नोंदी आपण जपतो, त्यांच्या रस्त्यांवर धावलेल्या गाड्यांच्या नोंदीही जपायला हव्यात. त्या खुल्या झाल्या तर नंबर जुळवण्यासाठी कुणाला खोटा पंच मारावा लागणार नाही. न जुळणारा आकडाही, नोंद दाखवून, ताठ मानेनं सांगता येईल.